थॉमस करंडकाची गटसाखळी वहीत कशी मांडावी

थॉमस करंडक, म्हणजे पुरुषांची बॅडमिंटनची जागतिक सांघिक स्पर्धा, सुरू झाला की मी चौकटीची वही काढते. पडद्यावर एका वेळी एकच कोर्ट दिसतं, पण गटात कोण कुठे आहे ते वहीतच कळतं.

आधी शब्द पक्के करा. देशाविरुद्ध देश ही 'लढत', आणि तिच्यातले पाच ते 'सामने'. बातम्यांत दोन्हींना सामनाच म्हणतात आणि हिशेब तिथेच चुकतो.

संघ 16, गट 4, प्रत्येक गटात चार संघ. प्रत्येक जण गटातल्या बाकी तिघांशी खेळतो आणि पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात. एका गटाला एक पान द्या, त्यावर सहा लढती येतील. प्रत्येक लढतीखाली पाच ओळी आखा: पहिली एकेरी, पहिली दुहेरी, दुसरी एकेरी, दुसरी दुहेरी, तिसरी एकेरी. कुणी एकेरी आणि दुहेरी दोन्ही खेळणार असेल तर हा क्रम बदलू शकतो, म्हणून संघ जाहीर होईपर्यंत नावं लिहू नका. एकेरीत खेळाडू जागतिक क्रमवारीप्रमाणे उतरतात. तरी तिसरी एकेरी कमी लेखू नका. 2022 मध्ये आपल्याकडून, म्हणजे भारताकडून, तिथे एच. एस. प्रणॉय होता.

आता सर्वात महत्त्वाचं. साखळीत एखादा संघ 3-0 ने पुढे गेला, लढत जिंकला, तरी उरलेले दोन सामने होतातच. पूर्वी मी तिथे टीव्ही बंद करायची. तसं करू नका, कारण त्या दोन सामन्यांवर एखादा संघ घरी जाऊ शकतो.

कसा ते बघा. अ ने ब ला 3-2 हरवलं, ब ने क ला 3-2, आणि क ने अ ला 3-2. तिघांनीही ड ला हरवलं. म्हणजे तिघांच्या दोन-दोन लढती जिंकलेल्या. आपापसात प्रत्येकाचे सामने पाच जिंकलेले, पाच हरलेले, तिथे काहीच सुटत नाही. मग निकाल लागतो तो ड विरुद्धच्या लढतीवर. अ ने तिथे 5-0 केलं, ब ने 4-1, आणि क ने 3-0 झाल्यावर प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊन 3-2 वर समाधान मानलं. जिंकलेल्या सामन्यांतून हरलेले वजा करा: अ ला 5, ब ला 3, क ला 1. क बाहेर.

सामन्यांचा फरकही सारखा निघाला तर गेमचा (सामन्यातल्या डावांचा) फरक बघतात, तोही सारखा असेल तर गुणांचा. म्हणून प्रत्येक ओळीत 21-17, 19-21, 21-15 असा पूर्ण स्कोअर लिहा, नुसतं 'जिंकला' लिहून भागत नाही. बरोबरीत दोनच संघ असतील तर मात्र हे सगळं सोडून द्या. त्या दोघांच्या लढतीत जो जिंकला तो वर. तिघांची बरोबरी मोजता मोजता दोघांवर आली, तरी हाच नियम.

माझ्या वहीत 2022 च्या बँकॉकचं 'क' गटाचं पान आहे. आपला जर्मनीवर 5-0, कॅनडावर 5-0 विजय, आणि मग चायनीज तैपेईकडून (तैवानकडून) 2-3 हार. लक्ष्य सेन चाऊ तिएन-चेनकडून तीन गेममध्ये हरला तेव्हा वाईट वाटलं होतं. श्रीकांत आणि प्रणॉय यांनी आपापले सामने जिंकले. गटात आपण दुसरे आलो. दुसरा नंबर म्हणजे हळहळण्यासारखं काही नाही, हे त्या पानाने मला पक्कं शिकवलं.

साखळी संपली की उपांत्यपूर्व फेरीची सोडत निघते, त्यासाठी नवीन पान घ्या. इथून नियम बदलतो: तीन सामने जिंकले की लढत तिथेच थांबते. पाच ओळी मात्र आखाच. मलेशिया आणि डेन्मार्क दोघांविरुद्ध 2-2 झालं आणि दोन्ही वेळा पाचव्या ओळीत प्रणॉयचा विजय लिहिला. 15 मे 2022 च्या अंतिम लढतीत इंडोनेशियाविरुद्ध लक्ष्य, सात्विक-चिराग ही दुहेरीची जोडी आणि श्रीकांत यांनी तीन ओळी भरल्या. खालच्या दोन अजून कोऱ्या आहेत.