अडीच मिलिओहमचा जोड: विमानाच्या कामात या चुका टाळा

विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा डबा देखणा झाला होता. ६०६१ ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून काढलेला, कडा मऊ, काळं ॲनोडायझिंग एकसारखं. गोकुळ शिरगावच्या आमच्या शेडमधून तो गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. शेरा एका ओळीचा: झाकण आणि बॉडीमधलं बाँडिंग, म्हणजे विजेचा जोड, नापास. मामांनी, म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या फिटरनी, लगेच मल्टिमीटर लावला. बीप वाजला. "मास्तर, झीरो पॉइंट दोन दावतंय की. आनि काय पायजे त्यास्नी?"

ड्रॉइंगवर मागितलं होतं २.५ मिलिओहम. मीटर दाखवत होता ०.२ ओहम, म्हणजे २०० मिलिओहम, आणि तोही बहुतेक मीटरच्या दोन वायरींचाच रेझिस्टन्स. बीप वाजला तो स्क्रूच्या आट्यांमधून. झाकणाचा काठ बॉडीच्या काठावर जिथं बसतो, तिथं ॲनोडायझिंगचा दहा-पंधरा मायक्रॉनचा थर होता आणि तो थर वीज वाहू देत नाही. प्लेटिंगवाल्याची यात काही चूक नव्हती. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मास्किंगची, म्हणजे तो काठ झाकून थर टाळण्याची, सूचना होती, ती आम्हीच त्याच्या चलनावर उतरवली नव्हती.

उद्यमनगर, शिरोली, कागलकडचे ओळखीचे लोक आता विमानाच्या जॉबबद्दल विचारायला लागलेत. मायक्रॉनची सवय आपल्याला आहे. मिलिओहमची नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा जोड एवढा का जपायचा

विमान उडताना रडार, रेडिओ केंद्रं, उपग्रहांची ग्राउंड स्टेशनं यांच्या जवळून जातं. तिथल्या रेडिओ लहरी विमानाच्या वायरिंगमध्ये करंट उभा करतात. याला एचआयआरएफ म्हणतात, बोलताना 'हर्फ'. जुन्या विमानात पायलटच्या हातातून पोलादी केबल थेट पंखाच्या फ्लॅपपर्यंत जायची. तिला रेडिओ लहरींचं काय? आता मधे कॉम्प्युटर आहे, इंजिनसुद्धा फॅडेक नावाचा डबा चालवतो. १९८४ साली पश्चिम जर्मनीत, म्युनिकजवळच्या होल्झकिर्खनच्या शक्तिशाली रेडिओ केंद्राजवळ टोर्नेडो जातीचं लढाऊ विमान कोसळलं, आणि त्या केंद्राच्या लहरी हेच त्याचं कारण म्हणून नोंदलं गेलं.

त्या काळात अमेरिकेत प्रत्येक नव्या विमानाला वेगळी विशेष अट घालून हे तपासायचे. पक्का नियम ६ ऑगस्ट २००७ ला प्रसिद्ध झाला. मोठ्या विमानांसाठी कलम २५.१३१७, हेलिकॉप्टरसाठी २७.१३१७ आणि २९.१३१७, छोट्या विमानांसाठी २०१७ पर्यंत २३.१३०८. ज्या कामात बिघाड झाला तर विमानच जाईल, ते काम 'एन्व्हायर्नमेंट एक' या सगळ्यात कडक क्षेत्रातही बिघडता कामा नये, आणि सिस्टिम गडबडलीच तर तिनं आपली आपण सावरायला हवं. त्याहून सौम्य 'एन्व्हायर्नमेंट दोन'मध्ये सिस्टिमवर परिणामच व्हायला नको. कमी धोक्याच्या कामांना ठरावीक पातळीची लॅब टेस्ट पुरते.

पहिली चूक: मोबाइल आणि हर्फ यांची सरमिसळ

प्रवाशाचा फोन विमानाच्या आत असतो, तो प्रश्न वेगळा. फाइव्ह-जीचा वाद त्याहून वेगळा. विमानाचं रेडिओ अल्टिमीटर, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र, ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर ऐकतं आणि शेजारच्या बँडमधला आवाज त्याच्या स्वतःच्या अँटेनातून आत शिरतो. म्हणून तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं कंपन्यांना सांगितलं, की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झचे टॉवर लावू नका. तो पुढच्या दारानं येणारा पाहुणा. हर्फ खिडकीच्या फटीतून, वायरिंगमधून, झाकणाच्या काठातून येतं, आणि आपण बनवतो त्या वस्तूशी संबंध आहे तो या फटींचाच.

दुसरी चूक: सरासरी आकडा वाचून निश्चिंत होणं

'एन्व्हायर्नमेंट एक'च्या तक्त्यात २ ते ६ गिगाहर्ट्झसमोर दोन आकडे आहेत: सरासरी २०० व्होल्ट प्रति मीटर, शिखर ३००० व्होल्ट प्रति मीटर. रडार सतत बोलत नाही, क्षणभर ओरडतं आणि गप्प बसतं. सरासरी कमी येते ती म्हणूनच. डिजिटल सर्किटला मात्र तो एक क्षणही पुरतो. हेलिकॉप्टर ट्रान्समीटरच्या आणखी जवळ जाऊ शकतं, म्हणून त्याच्या तक्त्यात ४ ते ६ गिगाहर्ट्झला शिखर ७२०० आहे.

अंदाज यावा म्हणून वहीत करून पाहता येईल असा हिशोब देतो. शक्ती वॉटमध्ये घ्या, तिला अँटेनाच्या गेननं (एका दिशेला शक्ती किती पट एकवटते त्यानं) आणि ३० नं गुणा, वर्गमूळ काढा आणि मीटरमधल्या अंतरानं भागा. १ मेगावॉट शिखर-शक्तीचं रडार, गेन २५०० पट. किलोमीटरवर साधारण २७४ व्होल्ट प्रति मीटर येतात, अर्ध्या किलोमीटरवर ५४८. अंतर निम्मं झालं की क्षेत्र दुप्पट, चौपट नाही. चौपट होते ती शक्ती. डेसिबलमध्येही लोक इथंच गोंधळतात: २० डीबीचं शील्डिंग म्हणजे क्षेत्र दहावा हिस्सा, शक्ती शंभरावा.

तिसरी चूक, आमची: मल्टिमीटरवर विश्वास

मिलिओहम मोजायला चार वायरींचा मीटर लागतो. दोन वायरी करंट देतात, दुसऱ्या दोन फक्त व्होल्टेज वाचतात, त्यामुळे वायरींचा स्वतःचा रेझिस्टन्स हिशोबात येत नाही. आम्ही तो उसना आणला. झाकणावर एक टोक, बॉडीवर एक. आकडा कुठं ४०, कुठं ६५ मिलिओहम, स्क्रू आवळला की बदलायचा. आवळल्यावर आकडा हलला की समजायचं, करंट पृष्ठभागातून जात नाहीये, आट्यांतून वाट काढतोय.

त्यात खरा धोका वेगळाच. दोन स्क्रूंमधे ६ सेंटिमीटरचं अंतर होतं आणि तेवढा काठ विजेच्या दृष्टीनं उघडा. अर्ध्या लहरीएवढी फट असली की ती अँटेनासारखी वागते. ६ सेंटिमीटरची फट २.५ गिगाहर्ट्झला नेमकी तशी असते, आणि तिथं तर ३००० चं शिखर. डोळ्याला बंद दिसणारा डबा लहरींना उघडा होता.

आता आम्ही काय करतो? बसणाऱ्या काठांना ॲनोडायझिंग करताना मास्किंग आणि त्या जागी क्रोमेट. क्रोमेटचा पातळ थर वीज वाहू देतो. कुठली बाजू झाकायची ते प्लेटिंगवाल्याला चलनावर लाल पेनानं चित्र काढून दाखवतो. मार्किंगच्या पेंटचा, इंकचा, ऑइलचा हात तिथं लागू देत नाही. दुसऱ्या खेपेला त्याच झाकणावर सगळीकडे दीडच्या खाली आकडा आला, स्क्रू सैल करून पाहिला तरी फार हलला नाही. मामांनी मीटर हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पुन्हा मोजलं, मग म्हणाले, "आता जावद्या."

चौथी चूक: शील्डची शेपटी

केबलच्या शील्डची, म्हणजे वरच्या धातूच्या जाळीची, टोकं पिळून एक वायर करायची आणि ती अर्थच्या स्क्रूला बांधायची, ही मोटारीच्या हार्नेसची सवय. विमानाच्या कामात ही शेपटी शील्डिंगचं वाटोळं करते. सरळ वायरीचं इंडक्टन्स सेंटिमीटरला अंदाजे १० नॅनोहेन्री. ५ सेंटिमीटरची शेपटी म्हणजे ५० नॅनोहेन्री. ४०० मेगाहर्ट्झला ती सव्वाशे ओहमचा अडथळा होऊन बसते. जाळी कनेक्टरच्या बॅकशेलवर, म्हणजे मागच्या धातूच्या टोपणावर, गोलाकार, सगळ्या बाजूंनी पट्ट्यानं दाबून बसवायची. वेळ जास्त जातो, दर तसा लावा, पण शेपटी नको.

लो-फ्रीक्वेन्सीला पण गंमत समजू नका. कोल्हापूरच्या विमानतळावर दिसणारं एटीआर ७२ सुमारे २७ मीटर लांब. तेवढी लांबी साधारण साडेपाच मेगाहर्ट्झच्या अर्ध्या लहरीएवढी. तिथं अख्खं विमानच अँटेना होतं आणि करंट आतल्या लांब केबलींवर चढतो. ॲल्युमिनियमचं अंग असलं तर बराच भाग बाहेर राहतो, कार्बन कंपोझिटचं असलं तर कमी. म्हणून एका विमानात पास झालेला डबा दुसऱ्यात आपोआप पास होत नाही.

याच्याशी जोडून आणखी एक गोष्ट. डब्याचा लॅब रिपोर्ट म्हणजे विमानाचं सर्टिफिकेट नव्हे. विमानातल्या उपकरणांच्या चाचण्यांचं मानक असलेल्या डीओ-१६०च्या सेक्शन २० नुसार डबा तपासला गेला, एवढंच तो सांगतो. विमानात तो कुठं बसला, केबल किती लांब, कुठल्या मार्गानं गेली, यावर सगळं फिरतं. कुणी ग्राहक तुमच्याकडे "हर्फ सर्टिफाइड डबा" मागत असेल, तर कुठल्या पातळीची टेस्ट, कुठल्या केबलसह, हे लिहून घ्या.

लॅबमध्ये नापास झालात तर

टेस्ट नुसत्या सलग लहरीवर करून समाधान मानू नका. १ किलोहर्ट्झचं मॉड्युलेशन आणि पल्स दोन्ही हवेत, कारण ॲम्प्लिफायरमधला डायोड-जंक्शन रेडिओ लहरीचं डीसी करून टाकतो. के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) अंशाला फक्त ४१ मायक्रोव्होल्ट देतं. तिथं १ मिलिव्होल्ट चुकीचा मिळाला की तापमान २४ अंशांनी सरकलं. सर्किट जळत नाही, रीसेट होत नाही, फक्त खोटं बोलतं, आणि हे सापडायला सगळ्यात अवघड.

शोधायचा क्रम असा ठेवा. आधी नापासची फ्रीक्वेन्सी नोंदवा आणि त्याच ठिकाणी पुन्हा येते का पाहा. मग झाकणाच्या सगळ्या फटींवर तांब्याची चिकट टेप लावा. फरक पडला तर दोष डब्यात. टेपनं काही झालं नाही तर एकेक केबल काढत जा, किंवा ज्या केबलवर फेराइट (रेडिओ लहरी अडवणारं कडं) ठेवल्यावर दोष हलतो ती पकडा. नुसती केबल हलवल्यानं निकाल बदलला तर बहुधा शील्डचं टोक सैल आहे. टेप तशीच ठेवून पास करून घेण्याचा मोह होतो. तो करू नका, टेपचा गोंद दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही.

पावसाळ्याचं आपल्याला वेगळं सांगायला नको. जूनपासून कोल्हापूरची हवा ओली. ॲल्युमिनियमवर स्टीलचा साधा वॉशर बसवून, सील न करता सोडलात, की दोन धातूंमधे गंज धरतो आणि दीड मिलिओहमचा जोड हळूहळू पंधराचा होतो. बाहेरून तेव्हाही चकचकीत. म्हणून डब्यासोबत देखभालीचं पान द्यायला विसरू नका: कुठल्या जोडाचा आकडा किती असावा, किती दिवसांनी मोजावा, रंगकामात कुठली जागा झाकावी. आमच्या परत आलेल्या त्या डब्याबरोबर असं पान नव्हतं. आता प्रत्येक जॉबच्या पाकिटात मामांनी मोजलेल्या आठ जागांचे आकडे, तारखेसह, त्यांच्या अक्षरात जातात.