मॉरिस मायनर बघायला जाताय? रंग नंतर बघा, आधी खाली वाका

गेल्या वर्षभरात तीन ओळखीच्यांनी मला जुनी मॉरिस मायनर बघायला सोबत नेलं, आणि तिन्ही वेळा मालकाने आधी बॉनेटवरून हात फिरवून रंग दाखवला. रंग कोणीही मारून देतो हो. ही गाडी खालून जगते किंवा खालूनच मरते, म्हणून बघायची सुरुवात तिथून करायची.

का ते सांगतो. अ‍ॅलेक इसिगोनिसने ही गाडी डिझाइन केली आणि ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट शोमध्ये ती लोकांसमोर आली. तेव्हाच्या बऱ्याच गाड्यांना खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा, असायची आणि वर बॉडी बसवलेली असायची, पण मायनरमध्ये पत्र्याची बॉडी हीच चासी. त्यामुळे गाडी हलकी झाली आणि वळणावर इतकी छान धरून चालते की आजही चालवताना मजा येते. पण त्याचाच अर्थ असा की खालचा पत्रा कुजला तर नुसता पत्रा जात नाही, गाडीचा कणाच जातो. आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, वर समुद्राची खारी हवा. दादर, माहीम, वर्सोवा अशा ठिकाणी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी असेल तर डोळ्यात तेल घालून बघा.

सोबत टॉर्च, जुना जाड स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक घ्या, आणि सकाळी उजेडात जा. दाराखालचा लांब पट्टा, म्हणजे सिल, त्यावर चुंबक फिरवा, चिकटलं नाही तर आत पत्रा नाही, पुटी आहे. मॅट उचलून फ्लोअर बघा. मग मालकाला विचारून गाडीखाली शिरा आणि मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला अडकवल्यात तिथे स्क्रू ड्रायव्हरने दाबून बघा, टोक आत गेलं तर समजून जा. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या, आहेत, ते मागे ज्या आडव्या मेंबरला, म्हणजे पत्र्याच्या तुळईला, धरलेले असतात तो तर नीट ठोकून बघाच, कारण पुढच्या सस्पेन्शनचा सगळा जोर तिथे येतो. मागच्या पावसाळ्यानंतर आम्ही एक गाडी बघितली, वरून आरशासारखी, आणि नेमका हाच मेंबर पापडासारखा तुटत होता. सोबतच्याला खूप वाईट वाटलं, पण त्याचे पैसे वाचले.

आता ट्रनियन. पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिच्या वर-खाली आटे असलेले हे तुकडे असतात, त्यांना ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात आणि एक दिवस पिन खालून निसटते, चाक आडवं पडतं आणि गाडी बसते. बऱ्याचदा हे हळू वेगात, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना होतं. म्हणून गाडी जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा, खडखड जाणवली तर तो खर्च किमतीतून कापून घ्या.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा भाग, ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली आहे. मुंबईत पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर तिथे पाणी पोचलं असणार हे गृहीत धरा. पेडल दाबून अर्धा मिनिट तसंच धरा, पाय हळूहळू खाली जात राहिला तर सिलिंडर गेलाय.

मॉडेल ओळखायला कागदाची वाट बघू नका. हेडलाइट जाळीत खाली बसवलेले असतील तर अगदी सुरुवातीची गाडी. समोरची काच दोन भागांची असेल तर १९५६ पर्यंतची. इंजिन ९१८ सीसीचं साइड व्हाल्व, म्हणजे व्हाल्व सिलिंडरच्या बाजूला असलेलं, असेल तर जुनं एमएम मॉडेल, आणि आपल्याकडची बेबी हिंदुस्तान गाडी याच मॉडेलवर आधारलेली होती. ऑस्टिन आणि मॉरिस १९५२ मध्ये एकत्र आल्यावर ८०३ सीसी आलं, मग ९४८ आणि १९६२ पासून १०९८. रोज चालवायची असेल तर माझं मत ९४८ किंवा १०९८, कारण घाटकोपरच्या ट्रॅफिकमध्ये साइड व्हाल्वची दमछाक होते.

आणखी एक, बॉनेटच्या मधोमध सपाट पट्टी दिसली तर अपघाताची गाडी समजून परत येऊ नका. गाडी तयार होत आलेली असताना इसिगोनिसला ती अरुंद वाटली, त्याने नमुना मधून कापून ४ इंच रुंद केला, ती पट्टी तिथून आली. आधीच बनवलेले बंपरही कापून मध्ये तुकडा जोडला होता, त्यामुळे सुरुवातीच्या गाडीच्या बंपरवरचा जोड अस्सल असू शकतो.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरी बघा. या गाड्यांना अर्थ प्लसला असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, आणि नवीन मिस्त्री सवयीने मायनस बॉडीला लावून मोकळा होतो. माझ्या गाडीत एका गॅरेजमध्ये हेच झालं आणि नवा बसवलेला रेडिओ जळाला. आता बॅटरीशेजारी मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीये. पानेही इंचाचे घ्या, मिलिमीटरचे लावले की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी लागते.

कागद बघताना चासी नंबर आणि आरसी स्वतः ताडून पाहा. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचा वेगळा नियम आणला, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोज फिरवायची इच्छा असेल तर हे व्यवहाराआधी आरटीओत विचारून घ्या.

सगळं पटलं तर एक चक्कर मारा. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणारी सोय, नाही, गाडी थांबल्यावरच टाका, खरखर झाली म्हणून लगेच गिअरबॉक्सला दोष देऊ नका. आणि घरी आणलीत की धुण्याच्या आधी पुढची चाकं वर उचलून ट्रनियनला ग्रीस मारा, मग दर दीड हजार किलोमीटरला.