गाण्यांतून पोर्तुगीज शिकताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाणं ऐकायचं सोडून त्याचे शब्द वाचत बसणं. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना, १९७३ साली, शिकू बुआर्की आणि जिल्बर्तो जिल यांनी ‘कालिसी’ हे गाणं लिहिलं. छापील शब्दाचा अर्थ ‘प्याला’. बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर, ही बायबलमधली विनवणी. मीही वहीत ‘प्याला’ लिहून मोकळा झालो होतो. पण तोच शब्द ‘काली-सी’ असा तोडून ऐका, अर्थ होतो ‘गप्प बस’! स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच. सेन्सॉरच्या कानांना मात्र तो बरोबर कळला आणि गाण्यावर बंदी आली. रेकॉर्ड निघाली ती १९७८ मध्ये. शाळेतली दमयंती आठवते? ‘औषध नलगे मजला’. औषध नको, की औषध म्हणजे नल गे? तीच गंमत.

उपाय सोपा आहे. आधी कानावर पडेल तसं देवनागरीत लिहा, मग छापील ओळींशी ताडून पाहा. ब्राझीलमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘ए’ बहुतेकदा ‘इ’ होतो आणि ‘ओ’चा ‘उ’, हे तिथेच लक्षात येतं.

अनुनासिक गाळू नका. आपला पाव पोर्तुगीज ‘पाँउ’वरून आला, वाटेत नाकातला सूर गळाला. बेकरीत जाऊन आपल्या पद्धतीने ‘पाव’ मागितलात तर तुम्ही काठी मागताय. त्या काठीचा बोलीतला अर्थ घरच्यांसमोर सांगण्यासारखा नाही.

गाणं कुठल्या काळातलं तेही बघा. साठच्या दशकात देखण्या पुरुषाला ‘पाँउ’ म्हणत. आज म्हणाल तर कुणाच्या तरी आजीसारखे वाटाल.

आणि देश! पोर्तुगालच्या गाण्यातून मी ‘रापारिगा’ उचलला. अर्थ मुलगी, साधा शब्द. व्हिडिओ कॉलवर एका ब्राझिलियन मित्राच्या मुलीचं त्याच शब्दाने कौतुक केलं. ब्राझीलमध्ये, विशेषतः ईशान्येकडे, तो वेश्येसाठी वापरतात. मित्र क्षणभर गप्प, मग पोट धरून हसला आणि म्हणाला, तू ‘पगार मीकु’ केलंस. पगार आपल्या ओळखीचा, त्यांच्याकडे त्याचा अर्थ पैसे भरणं. मीकु म्हणजे छोटं माकड. मी माकडाचे पैसे शोधत बसलो, तर तो म्हणत होता की माझी फजिती झाली.