गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त

पावसाळा आला की आमच्या मोत्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या दिसायला लागायच्या. चिमट्याने काढा, औषधी शांपूने आंघोळ घाला, आठवड्याभरात पुन्हा हजर.

उलगडा झाला गॅलरीत. मोत्याच्या गोणपाटामागे, फरशीच्या सांध्यातून मोहरीहून बारीक पिल्लं भिंतीवर चढताना दिसली. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून गळून पडते आणि अशाच फटीत अंडी घालते, तीही हजारांनी. म्हणजे कुत्रा कितीही धुवा, माल गोदामात शिल्लकच!

मग गोणपाट जाळलं, फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या, अंथरूण उकळत्या पाण्यात टाकलं. डॉक्टरांनी वजन करून महिन्याची गोळी दिली. गोचीड दिसो न दिसो, ती चुकवायची नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमाने गोठ्यातलं फवारायचं औषध आणून दिलं होतं, ते मात्र तसंच परत केलं. घरात मनीही आहे, आणि परमेथ्रिनसारखी कीटकनाशकं मांजराच्या जिवावर बेततात.

आता क्वचित एखादी सापडते. कातडीलगत चिमट्यात धरून सरळ वर ओढायची, स्पिरिटच्या बाटलीत टाकायची. तेल-रॉकेलच्या फंदात पडू नका, बोटांनी चिरडूही नका. आणि कुत्रा मलूल झाला, जेवेना, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचीडताप, म्हणजे गोचीड चावल्याने रक्तात शिरणारा आजार, आपल्यासाठी थांबून राहत नाही.