इंग्लंडमध्ये चौघांत घर घेताना

विद्यापीठाचे वसतिगृह सोडून इंग्लंडमध्ये चौघा-पाचांनी मिळून घर भाड्याने घेताना, खोल्या कितीही आवडल्या तरी, आधी एवढे विचारून घ्यावे की भाडेकरार सर्वांचा मिळून एक आहे की प्रत्येक खोलीचा वेगळा. एकत्र करारावर चार सह्या असल्या तरी कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू एकच असतो, आणि एकाने भाडे थकवले तर ते उरलेल्या तिघांकडून, किंवा त्यांतल्या कोणाही एकाकडून, वसूल करता येते. मी सही करताना हे कलम वाचले नव्हते. आमच्यातला एक जण जानेवारीत अभ्यासक्रम सोडून परत गेला आणि वर्षाचा करार संपेपर्यंत त्याच्या रिकाम्या खोलीचे भाडे आम्ही तिघांनी भरले. त्याची अडचण खरी होती. चूक आमचीच, कारण एजंटला लेखी कळवून त्याच्या जागी दुसरा भाडेकरू आणण्याऐवजी आम्ही संकोचापोटी गप्प बसलो.

नव्या कायद्यानुसार 1 मे 2026 पासून खासगी घरांचे असे ठरावीक मुदतीचे करार बंद होत असले, तरी एकत्र करारातली ही जबाबदारी कायम राहते. उलट एकाने दोन महिन्यांची रीतसर नोटीस दिली, तरी सर्वांचाच करार संपू शकतो. म्हणून सांगतो, शक्य असेल तर स्वतंत्र करार घ्यावा, आणि कोणी हमीदार राहणार असेल तर त्याची हमी केवळ तुमच्या हिश्शापुरती असल्याचे कागदावर लिहून घ्यावे. नाहीतर तुमचा काका अनोळखी मुलांच्या भाड्यालाही जामीन राहतो.

‘आपल्यात कसला करार’ असे म्हणून रोख पैसे घेणारा आपल्याच भाषेतला माणूस इथे हमखास भेटतो. तो लबाडच असेल असे नाही, परंतु कागद नसला की अनामत रक्कम परत मागताना आपुलकी फार उपयोगी पडत नाही. रीतसर करारात, घराचे वार्षिक भाडे 50,000 पौंडांपेक्षा कमी असल्यास, पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही, आणि ती मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत सुरक्षित ठेवून तुम्हाला तसे लेखी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. ते न केल्यास न्यायालय त्याला अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम तुम्हाला द्यायला लावू शकते. हे पत्र आले नाही तर मागावे, भिडेपोटी थांबू नये.

घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक पालिकेचा (कौन्सिलचा) घरावरचा कर, माफ असतो. मात्र त्यासाठी विद्यापीठाचे प्रमाणपत्र कौन्सिलला बहुधा स्वतःच पाठवावे लागते. पदवी संपवून नोकरीला लागलेला एखादा मित्र त्याच घरात राहिला की बिल सुरू होते. विद्यार्थी नसलेला तो एकटाच असेल तर 25 टक्के सवलत मिळते, आणि बिल कायद्याने त्याचेच असते, पण ते चौघांत वाटण्याचा आग्रह तो धरणार असेल तर राहायला जाण्याआधीच बोलून घ्यावे.

हिवाळ्यात खिडक्या बंद करून फोडण्या घालणे आणि ओले कपडे रेडिएटरवर वाळवणे यांमुळे भिंतींना बुरशी येते, आणि तिच्या सफाईचे पैसे अनामतीतून कापण्याचा प्रयत्न होतो. हवा बाहेर टाकणारा पंखा लावावा, खिडकी थोडा वेळ उघडावी. भिंत मुळातच ओली असेल तर पहिल्याच दिवशी एजंटला ई-मेल करावी.

भांडी कोणी घासायची यावर मी काही लिहिणार नाही. इतक्या वर्षांत तो प्रश्न सुटलेला मी एकाही घरात पाहिलेला नाही.

किल्ल्या मिळाल्या की सामान आत आणण्याआधी प्रत्येक भिंत, गादी, गालिचा आणि गॅस व विजेच्या मीटरवरचे आकडे यांची छायाचित्रे काढावीत आणि ती त्याच दिवशी एजंटला पाठवावीत, म्हणजे त्यांवर तारीख राहते.