पोस्टर कलरचा हात, जलरंगाचा कागद: माध्यमं बदलताना या चुका टाळा

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेनंतर पंचवीस वर्षांनी पुन्हा ब्रश हातात धरला, तेव्हा पहिलं चित्र काढलं ते ओट्यावरच्या पितळी तांब्याचं. परीक्षेच्या वस्तुचित्रात तांब्या, बादली आणि वांग्यांनी इतकं छळलं होतं की ते आकार हाताला पाठच होते. या वेळी मात्र ट्यूबमधले जलरंग आणले होते. रंगवून झालं, शेवटी तांब्याच्या पोटावरची चमक म्हणून पांढऱ्याचा एक ठसठशीत फटकारा मारला आणि मागे सरकून पाहिलं. बायको चहा घेऊन आली, चित्राकडे पाहून म्हणाली, "कावळा बसला होता का?"

पोस्टर कलरमध्ये तोच फटकारा शोभला असता. हौशी माणूस एका माध्यमातून दुसऱ्यात उडी मारतो तेव्हा रंग नवे येतात, हात जुनाच राहतो. मी केलेल्या आणि रविवारी सकाळी जमणाऱ्या आमच्या टोळक्यात अजूनही दिसणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

चमक शेवटी टाकू, असं म्हणणं

जलरंग पारदर्शक असतो. उजेड येतो तो खालच्या कागदातून. म्हणून तांब्यावरची चमक पहिल्या वॉशच्या, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ हाताच्या, आधी ठरवावी लागते, पेन्सिलीने अगदी हलकी कड आखून तेवढा कागद कोरडा सोडावा लागतो. फिक्याकडून गडदाकडे जायचं, उलटं नाही. नजरचुकीने त्या जागी रंग गेलाच तर ओला असतानाच कोरड्या टिश्यूने टिपून घ्या. वाळला असेल तर जरा कडक ब्रश पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळा आणि टिपा. निळ्यांपैकी अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उठतो, थॅलो ब्लू मात्र कागदात असा रुततो की पुन्हा पांढरं विसराच. मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद झाकून ठेवणारा रबरी द्रव, वापरणार असाल तर ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा. मी बुडवला नाही, दोनशे रुपयांचा ब्रश रबराची काडी होऊन बसला.

जलरंग म्हणजे फिकट, मिळमिळीत, हाही एक गैरसमज. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चेहऱ्यावरचा तो उजेड आणि भोवतीचा काळोख पाहून ते तैलचित्र वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. गडद रंग लावायला घाबरू नका, फक्त एकदाच आणि भरपूर रंग घेऊन लावा.

आता हाच तांब्या ॲक्रिलिकमध्ये घ्या. तिथे गडद आधी, चमक सगळ्यात शेवटी, जाड रंगाचा एक थेंब. कोळशात अख्खा तांब्या काळा करून टाकायचा आणि मळीव, कणकेसारख्या मऊ खोडरबराच्या टोकाने चमक उचलून काढायची. सॉफ्ट पेस्टलमध्ये शेवटची फिकट कांडी जोरात दाबायची. चमक तीच, चार ठिकाणी चार वेळा येते. नवं माध्यम हातात घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: यात पांढरा कुठून आणि कधी येतो?

अर्धवट ओल्यात हात घालणं

जलरंगात सगळ्यात जास्त चित्रं इथे मरतात. आकाशाचा वॉश दिलाय, छान बसलाय, आणि एका कोपऱ्यात जरा कमी वाटतं म्हणून आपण ओला ब्रश टेकवतो. दोन मिनिटांत तिथे कोबीच्या फुलासारखी कड फुटते. कारण साधं आहे. कागदावरचं पाणी निम्मं उडालेलं असतं, ब्रशातलं जास्तीचं पाणी पसरतं आणि वाटेतले रंगकण ढकलत कडेला नेऊन सोडतं. कागद चकाकतोय तोवर हवं ते करा. चकाकी गेली की हात मागे. बोटाची मागची बाजू कागदाला लावून पाहा, गार लागला तर आत ओल आहे. कोकणात जुलैमध्ये ही ओल तासभरही हलत नाही. तेव्हा हेअर ड्रायर लाजेची गोष्ट नाही, फक्त चकाकी असताना जवळ धरू नका, रंग पळतो.

चित्राचा चिखल होण्याचं दुसरं कारण म्हणजे पॅलेटवर चार-चार रंग कालवणं. दोन, फार तर तीन. ट्यूबमधला काळा तर घरातच ठेवा. अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळलं की सुंदर राखाडी मिळतो. निळा जास्त घातला की पावसाळी ढग, सिएना जास्त घातला की जुन्या वाड्याचं लाकूड. पितळेच्या सावलीतही मी हाच घालतो, खाली मातकट पिवळा येलो ऑकर.

ॲक्रिलिकला जलरंगासारखं वागवणं

ॲक्रिलिक वाळलं की प्लास्टिक. पाणी घालून पुन्हा जिवंत होत नाही. पोस्टर कलरच्या सवयीने ब्रश तसाच ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत आल्यावर ब्रश टाकून द्यायचा. विदर्भातल्या मे महिन्यात तर पॅलेटवरचा रंगसुद्धा बघता बघता साय धरतो. पसरट डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, एवढा घरगुती उपाय पुरतो. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही रंग चालतो.

दुसरी तक्रार नेहमीची: "कालचा रंग आज जुळत नाही." जुळणार कसा? ॲक्रिलिकमधला चिकट भाग ओला असताना दुधट असतो, वाळल्यावर काचेसारखा होतो, म्हणून रंग वाळताना गडद होतो. जलरंग उलट वाळताना फिका होतो. पोस्टर कलर तर दोन्हीकडे पळतो, फिका गडद होतो आणि गडद फिका. त्यामुळे प्रत्येक नव्या ट्यूबचा एक पट्टा कागदाच्या तुकड्यावर ओढून वाळवा, शेजारी नाव लिहा. कंटाळवाणं काम आहे. माझं पट्ट्यांचं पुस्तक चित्रांपेक्षा जास्त कामाला येतं.

आणि ॲक्रिलिकमध्ये पाणी ओतून जलरंगाचा आव आणू नका. पाणी फार झालं की रंगाला धरून ठेवणारं काही उरत नाही, वाळल्यावर ओल्या बोटाला रंग येतो. पातळ हवा असेल तर मीडियम, म्हणजे तोच चिकट भाग बिनरंगाचा, घाला.

महाग रंग, स्वस्त कागद

पैसे मोजकेच असतील तर उलटं करा. विद्यार्थी दर्जाचे रंग चालतील, पण जलरंगासाठी कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) घ्या. पातळ कागद पापडासारखा फुगतो, खड्ड्यात रंग साचतो आणि आपण समजतो की आपल्याला वॉश जमत नाही. पातळच कागद असेल तर भिजवून, फळीवर ताणून, चारही कडा गोंदपट्टीने चिकटवून रात्रभर वाळवा.

पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या कागदाचं एक विशेष दुखणं असतं. कागदावरचा सरसाचा थर दमट हवेने जागोजागी खराब होतो. वरून काही दिसत नाही, पण वॉश दिला की टीपकागदासारखे गडद ठिपके उमटतात. अशा कागदाला इलाज नाही, त्यावर ॲक्रिलिक किंवा कोळसा चालवा. नवे कागद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा.

ट्यूब घेताना नाव वाचू नका, मागचा बारीक मजकूर वाचा. खऱ्या अल्ट्रामरीनवर पीबी २९ असा सांकेतिक क्रमांक असतो. नावापुढे 'ह्यू' लिहिलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी दुसरं काहीतरी वापरलेलं आहे. वाईटच असतं असं नाही, पण मिसळताना वेगळं वागतं.

तेलावर पाणी

मिक्स मीडियाचा सोस सगळ्यांनाच येतो, यावा. क्रम मात्र पाळा. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर ॲक्रिलिक नाही, पापुद्रे निघतात. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही, त्यावर ॲक्रिलिक टिकत नाही. पण ऑइल पेस्टलवर जलरंगाचा पातळ हात फिरवला तर पाणी पळतं आणि पावसाच्या सरी आयत्या मिळतात. वाळलेल्या जलरंगावर सॉफ्ट पेस्टल तर फारच गोड बसतं.

तैलरंगात खालच्या थराला टर्पेंटाइन जास्त, वरच्या थराला जवसाचं तेल जास्त. उलटं केलंत तर वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. नुसत्या कागदावर तैलरंग लावू नका, आधी जेसो, म्हणजे पांढरं अस्तर, द्या. आणि ही गोष्ट गंमतीवारी नेऊ नका: जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता निर्माण होते आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

पेस्टलची धूळ फुंकू नये, ती नाकात जाते. कागद उभा धरून मागून टिचकी मारा.

सुचत नाही म्हणून नवं माध्यम घेणं

ही चूक मी सर्वात जास्त वेळा केली आहे. चित्र अडलं की दुकान. नवी पेटी उघडली की दोन दिवस स्फूर्तीच स्फूर्ती, तिसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. मग मोबाइलवर दुसऱ्यांची चित्रं सरकवत बसायचं आणि त्यातलंच एखादं उतरवायचं. फोटोवरून उतरवताना सावल्या एकजात काळ्या दिसतात, कडा सगळ्या सारख्याच धारदार, म्हणून ते चित्र कायम परकंच राहतं.

यातून बाहेर पडायला मला एकच उपाय लागू पडला. विषय धरून ठेवायचा, माध्यम बदलायचं. चित्रकार आबालाल रहिमान कोल्हापूरच्या कोटितीर्थाकडे पुन्हा पुन्हा वळले, तळं तेच आणि प्रत्येक वेळचा उजेड निराळा. आपल्याला तळं नसेल तर तांब्या आहे. एका महिन्यात तोच तांब्या, त्याच खिडकीशी, सकाळी नऊच्या उजेडात, चार माध्यमांत. मोठा कागद नको, पोस्टकार्डाएवढा पुरे. जलरंगात मला त्याचा उजेड कळला, ॲक्रिलिकमध्ये वजन, पेस्टलमध्ये खिडकीच्या बाजूचा निळसरपणा.

कोळशाला बसलो तेव्हा रंगच नव्हते, नुसती कड आणि काळोख. गळ्याखाली सावली काही केल्या नीट वळेना. तीनदा पुसली, शेवटी उठून तांब्या हातात घेतला. तिथे चांगला अंगठ्याएवढा पोचा होता. वीस वर्षं त्या तांब्यातून पाणी पितोय.