नाणं घासून आणू नका! अदलाबदलीतल्या या चुका टाळा

दर महिन्याला कुणीतरी नवा संग्राहक डबा उघडून माझ्यासमोर बसतो आणि मला त्याच त्या चुका बघाव्या लागतात. सांगून तोंड दुखलं, म्हणून आता लिहूनच टाकतो.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे अदलाबदलीआधी नाणं चकचकीत करणं. दोन वर्षांपूर्वी एका पोराने फोटो पाठवला, आजीच्या देव्हाऱ्यातल्या शिवराईचा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचा. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. अक्षरं ठसठशीत, वर चॉकलेटी रंगाची छान झाक. मी लगेच पंचम जॉर्जचा 1918 चा चांदीचा रुपया द्यायचं कबूल केलं. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात भेटलो. त्याने कागदाची पुडी सोडली, तर आत गुलाबी, लख्ख चकती! “काका, तुमच्यासाठी रात्री चिंच-मीठ लावून घासलीय.” भिंगाखाली धरली. अक्षरांच्या कडा बोथट, सगळीकडे घासणीचे बारीक ओरखडे. दीडदोनशे वर्षांनी चढवलेला रंग पोराने दहा मिनिटांत उतरवला होता. चिंच तांब्या-पळीला ठीक आहे हो, नाण्याला नाही. ते पुन्हा काळं पडेल, पण ओरखडे राहणारच. रुपया मी परत खिशात टाकला. त्याचा चेहरा पडला, माझंही मन खट्टू झालं.

मी स्वतः काय करतो? नुसती माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवतो आणि सुती कापडाने टिपतो. पुसत नाही, टिपतो. बाकी हात लावायचा नाही.

शिवराईवरून आठवलं. प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. पेशवाईतही ती पाडली जात होती आणि बाजारात फिरणाऱ्या बहुतेक त्या नंतरच्याच. ‘दुदांडी’ म्हणजे अशीच उशिराची शिवराई घेऊन येणारा ती 1674 ची सांगून भाव मागतो तेव्हा मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

दुसरी चूक: वजन न करणं. “वाजवून बघा ना, खणखणीत आहे!” अहो, वाजतो की खोटाही. ब्रिटिश अमलातला रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. झिजून थोडा उतरतो. पण साडेदहा भरला तर नमस्कार करून परत द्या. खिशात छोटा काटा आणि चुंबक असू द्या. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो. तरी तो ‘चांदीचा’ म्हणून बदलून घेणारे महाभाग मी पाहिलेत. पंचम जॉर्जचा रुपया चिकटला, तर मात्र उठा.

ईस्ट इंडिया कंपनीचं 1818 चं रामदरबारी नाणं? कंपनीने ते कधी पाडलंच नाही. ते तांदूळ स्वतःकडे ओढणारं ‘चमत्कारी’ नाणं आहे असं विकणारा म्हणाला, तर चपला शोधा.

वैष्णोदेवीच्या 5 रुपयांच्या नाण्याचे लाख मिळतात, हे व्हिडिओतच. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारात कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं 2021 मध्ये खुद्द बँकेलाच सांगावं लागलं. ज्याला चार महिन्यांत श्रीमंत व्हायचंय त्याने दुसरा छंद बघावा.

मऊ, वास मारणाऱ्या पीव्हीसी अल्बममधलं तांबं हिरवं, चिकट होतं. घेण्याआधी बाहेर काढून बघा, धरायचं कडेनेच.

अमेरिकेतल्या मावसभावाशी अदलाबदल ठरवलीत? 100 वर्षांवरची नाणी 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, ती बाहेर पाठवता येत नाहीत. त्याला नवीन नाणी द्या.

आणि देशातल्या देशात स्पीड पोस्टने पाठवणार असाल तर नाणं दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावा. मग पाकीट कानाशी नेऊन हलवा. खुळखुळलं, तर सोडून परत बांधा.